तीन हजार एकशे चौदा

वरोरा रोडवर, जिनिंगच्या भिंतीले लागून
माह्या अड्ड्यावर आज सतरा गाड्या उभ्या हायेत.
सोळांचं सांगाले येळ लागत नाई:
घासल्या, ठोकल्या, रंगवल्या, उभ्या केल्या.
सतरावी पिवळी.
दोन दरवाजे, उंची माह्या कमरेएवढी,
चालू केली का पलीकडच्या टपरीत
चहाचे गिलास ताटलीत वाजतात.

गिऱ्हाईक पहिले हेच इचारते:
"दोष काय हिच्यात, उगेमुगेभाऊ?
कोरीच दिसते. मंग इकली काऊन?"
काट्यावर तीन हजार एकशे चौदा,
आरसी बुकात नावं तीन.

पहिलं नाव निनाद आसुटकर. बापाचे कोळशावर साठ डंपर.
आनली त्या दिवशी बँड लावला,
चाकाखाली निंबू ठेवले. निंबू फुटले,
पन गाडी घरी गेली नाई,
ग्रामपंचायतीचा गतिरोधक आडवा आला.
चार पोट्ट्यांनी फळ्या लावल्या, तिरपी घेतली,
तरी पोट घासलंच, अन् बँडवाले मधातच थांबले.
मंग ती पेट्रोल पंपाच्या शेडमंधी राहाली.
निनाद तिले भेटाले
बुलेटवर जाये.

दुसरे डॉक्टर खंगार, हाडाचे.
बसाले बरोबर बसत,
उतराले कंपाउंडर लागे.
डिक्कीत हरभऱ्याचं अर्धं पोतं बी मावत नाई
हे बाईनं पहिल्याच दिवशी पाह्यलं, बोलली नाई.
सीट दोन, घरात मानसं पाच.
दर रविवारी फाटकात कोनीतरी उभं,
हात हालवत.

तिसऱ्याचं नाव नाई सांगत,
थो अजून माह्याकडं चहा प्याले येते.
सर्विसिंग नागपूरले, मोठं काम पुन्याले;
ट्रकावर चढवून न्या, ट्रकावर चढवून आना.
म्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला होता:
सोताच्या चाकानं तीन हजार एकशे चौदा,
दुसऱ्याच्या पाठीवर चार हजार सहाशे.
मांगचे दोन टायर बदलाचे निघाले
तं त्यानं किंमत दोनदा इचारली,
अन् तिसऱ्यांदा फोन मलेच केला.

पन टायर बी कारन नाई.
पावती लिहिता लिहिता बोलला थो:
एक रात, साडेतीनचा टाइम, नवा हायवे, मोकळा.
काटा कुठवर गेला हे बायकोले बी सांगतलं नाई.
दोन्हीकडची कपाशी नुसती पांढरी रेघ.
मंग टोल आला. पोट्टी जांभई देत म्हने,
"टॅग चालून नाई राह्यला जी, रोख द्या."
घरी आला तं हात थरथरत होते,
कुलूप उघडेना.
दुसऱ्या राती पुन्हा गेला. तोच रस्ता, तोच काटा.
आला, कुलूप उघडलं, झोपला.
"मंग किस्तच उरली," म्हने,
अन् सही केली.

आता गिऱ्हाइकाले काय सांगू?
माह्या साळ्याची जीप हाये मारेगावले,
दोन लाख नव्वद हजार चालली,
डावा दरवाजा तारेनं बांधला हाये.
बाळंतीन तिच्यातच नेली, लगनाचे वऱ्हाडी तिच्यातच,
बकऱ्या बी.
तिले इकाले काढ म्हनलं तं
थो मलेच घराबाहेर काढीन.
अशा गाड्या माह्या अड्ड्यावर येतच नाईत,
आल्या तं भंगारात, किलोनं.

दोष नाई भाऊ, म्हनतो मी. पाहून घ्या.
थो वाकून खालून पाह्यते,
दोष नाई म्हनलं का मानूस जास्तच वाकते.

सांजच्याले पाच मिनिटं चालू करतो, बॅटरी मरू नाई म्हनून.
तेवढ्यात अर्धा लिटर जाते.
दुपारी चौकीदाराची सयाबाई
बॉनेटवर फडकं टाकून मुंगवड्या घालते.
सपाट हाये, ऊन बी सरळ लागते,
कुत्रं चढत नाई, पाय घसरते त्याचा.

उद्या उमरखेडचा एक पोट्टा येनार हाये.
व्हिडिओ मागवला, आवाजाचा वेगळा मागवला,
रातच्याले दोन वाजता फोन केला: कोनाले देजा नोको भाऊ.
म्या म्हनलं, नाई देत.
सयाबाई, उद्याच्या दिवस
वड्या दुसरीकडं घालजो.